फुकट सॉफ्टवेअर बिघडलं, तर दुरुस्ती कुणी करायची?

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरबद्दल या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत: लिहिणाऱ्याने सॉफ्टवेअर फुकट दिलं खरं, पण अडलं की तो फिरकत नाही. त्यातले निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अनेक वर्षं कोहा हे ग्रंथालयाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. सर्व्हर अपडेट केल्यापासून कॅटलॉगमध्ये काहीही शोधलं तरी ‘शून्य पुस्तकं’ येतं. कोहाच्या समूहावर दोनदा विचारलं, उत्तर नाही. सॉफ्टवेअर जगभर वाटायचं आणि अडचण आली की हात वर करायचे, हे बरोबर आहे का?
— ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : आधी पुस्तकं परत आणू, मग बरोबर-चूक बघू.

नोंदी बहुधा जागच्या जागी आहेत. कोहात पुस्तकांची माहिती डेटाबेसमध्ये असते, पण शोध चालतो तो झेब्रा नावाच्या वेगळ्या अनुक्रमणिकेवर. अपडेटनंतर ही अनुक्रमणिका जुनी राहिली किंवा ती बनवणारी प्रक्रिया बंद पडली, की शोधाला काहीच सापडत नाही. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रत घ्यायची, म्हणून पहिलं काम ‘कोहा-डंप’ ही आज्ञा तुमच्या इन्स्टन्सचं (सर्व्हरवरच्या तुमच्या कोहाचं) नाव देऊन चालवणं. त्यातून डेटाबेसची एक आणि सेटिंगची एक अशा दोन दाबलेल्या फाइली तयार होतात. त्या ताबडतोब पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर हलवा. रोजची आपोआप होणारी प्रतही त्याच डिस्कवर पडते, त्यामुळे डिस्क गेली की मूळ आणि प्रत दोन्ही जातात. मग ‘कोहा-रिबिल्ड-झेब्रा’ ही आज्ञा ‘एफ’ आणि ‘व्ही’ हे पर्याय लावून चालवा. ‘एफ’मुळे पूर्ण संग्रह नव्याने लावला जातो आणि ‘व्ही’मुळे काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. शेवटी मेमकॅश्ड आणि कोहा-कॉमन या दोन्ही सेवा पुन्हा सुरू करा. तुमच्याकडे झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च बसवलेलं असेल तर ही आज्ञा उपयोगाची नाही, त्याची पुनर्बांधणीची आज्ञा वेगळी आहे.

असं का झालं, याचंही कारण शोधून ठेवा. पॅकेजच्या यादीत कोहाच्या नावापुढे ‘स्टेबल’ लिहिलं असेल, तर मे किंवा नोव्हेंबरमध्ये नवं मोठं व्हर्जन आलं की साधा अपडेट चालवतानाच सर्व्हर त्या व्हर्जनवर उडी मारतो. तिथे ‘स्टेबल’ऐवजी विशिष्ट व्हर्जनचा क्रमांक लिहिला तर उडी कधी मारायची ते तुम्ही ठरवता. आणि परत फिरण्याचा रस्ता नाही: नव्या व्हर्जनचा डेटाबेस जुन्या कोहात चालत नाही. म्हणून मोठा अपडेट आधी एखाद्या पडून असलेल्या संगणकावर, डेटाची प्रत घेऊन करून बघायचा.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोहा १९९९च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिला गेला. एका ग्रंथालयाने स्वतःच्या गरजेसाठी पैसे देऊन तो करून घेतला आणि नंतर सगळ्यांना खुला केला. त्याच्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, कलम १५ आणि १६ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की सॉफ्टवेअर आहे तसं दिलं आहे, हमी नाही, आणि ते सदोष निघालं तर दुरुस्तीचा खर्च वापरणाऱ्याचा. त्याच परवान्याचं कलम ४ सांगतं की हवं तर कुणीही पैसे घेऊन मदत किंवा हमी देऊ शकतो. म्हणजे कोड आणि सेवा हे दोन व्यवहार सुरुवातीपासून वेगळे ठेवले आहेत. तुमच्या महाविद्यालयाने पहिला व्यवहार केला, दुसरा केलाच नाही. समूहावर उत्तर देणारे बहुतेक जण इतर ग्रंथालयांतले कर्मचारी किंवा सेवा देणाऱ्या कंपन्यांतले लोक असतात. ते उत्तर देतात हा त्यांचा चांगुलपणा.

हा चांगुलपणा तुमच्या वाट्याला यावा यासाठी मात्र तुम्हाला बरंच काही करता येतं. ‘कोहा चालत नाही, तातडीने मदत करा’ या ओळीला उत्तर देणं जाणकारालाही शक्य नसतं. ‘अबाउट कोहा’ पानावरून कोहाचं नेमकं व्हर्जन, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन की उबुंटू आणि तिचा क्रमांक, मारियाडीबी या डेटाबेसचं व्हर्जन हे उतरवून घ्या. त्याच पानावरच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ टॅबमधल्या सूचना वाचा, अर्धे दोष तिथेच लिहिलेले असतात. लॉगमधल्या (सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदींमधल्या) शेवटच्या वीसेक ओळी जशाच्या तशा द्या, फोटो नको. बिघाडाच्या आधी शेवटचं काय केलं ते लिहा. काय करून पाहिलं आणि त्यातून काय निघालं, हेही.

आणि पुढच्या अंदाजपत्रकात वार्षिक देखभाल कराराची तरतूद करा. करारात ‘सर्व मदत’ असं मोघम लिहून घेऊ नका. कॉलला किती तासांत प्रतिसाद, वर्षातून किती मोठे अपडेट, बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवण्याची चाचणी वर्षातून किती वेळा, हे आकड्यांत हवं. सर्व्हरचा रूट पासवर्ड आणि रोजची डेटाबेस प्रत महाविद्यालयाच्या ताब्यात राहील हे तर लिहून घ्याच. कंपनी बदलताना ग्रंथालयं अडकतात ती नेमकी इथे.

प्रश्न : फुकट सॉफ्टवेअरमुळे नुकसान झालं तर ग्राहक आयोगाकडे जाता येईल का?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लेखकाविरुद्ध जाणं अवघड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा, आणि कलम २(४२) मधल्या सेवेच्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा वगळली आहे. पण तेच फुकट सॉफ्टवेअर बसवून, चालवून, बिल लावून कुणी तुम्हाला दिलं असेल, तर ते बिल हा मोबदला आहे आणि सेवेतली त्रुटी त्या बिल लावणाऱ्याची. ‘आतला भाग आमचा नाही, ओपन सोर्स आहे’ हा बचाव त्याला फारसा तारणार नाही. जाणूनबुजून घातक कोड घुसवणं हा वेगळा विषय आहे. तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ४३ लागू होऊ शकतं. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर कागद वकिलांना दाखवा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी एक पायथन लायब्ररी लिहून एमआयटी परवान्याखाली टाकली. आता छापखाने, वृत्तपत्रं, सरकारी कार्यालयांतले लोक रोज लिहितात: ‘आमचा फॉन्ट जोडा’, ‘रफार चुकतोय’, ‘उद्या अंक छापायचाय’. परीक्षा तोंडावर आहे. मी बांधील आहे का? बंद करायचं तर कसं?
— विद्यार्थी, पुणे

उत्तर : बांधील नाही. एमआयटी परवाना एका पानात मावतो आणि त्याचा अर्धा भाग ‘आहे तसं, कोणत्याही हमीशिवाय’ हे सांगण्यातच खर्च झाला आहे. तुम्ही लोकांना वापरायची, बदलायची, विकायचीही परवानगी दिली. स्वतःची रात्र दिलेली नाही.

तुमच्याकडे मागणी करणाऱ्यांना ती किरकोळ वाटते. ती तशी का नाही, हे एकदा रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या पहिल्या पानावरच्या माहितीत) लिहून टाका, अर्धी पत्रं कमी होतील. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर येते. ‘अर्क’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ‘क’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. म्हणजे नुसती अक्षरांची अदलाबदल पुरत नाही, जोडाक्षराची हद्द ओळखून क्रम फिरवावा लागतो. त्यात प्रत्येक फॉन्टकुटुंबाचा तक्ता निराळा. शिवाय कृतिदेवसारखे फॉन्ट इंग्रजी कळांच्याच जागा वापरतात, त्यामुळे फॉन्टची माहिती गळून साधा मजकूर उरला की त्यातला इंग्रजी शब्द कोणता आणि मराठी कोणता हे प्रोग्रामला कळूच शकत नाही. एका फॉन्टची भर म्हणजे तक्ता, चाचणीचे शब्द आणि अपवाद मिळून काही दिवसांचं काम.

आता पायऱ्या. रीडमीच्या अगदी वरच्या चार ओळींत हे लिहा: प्रकल्पाची सध्याची स्थिती, कोणते फॉन्ट आणि पायथनची कोणती व्हर्जन चालतात, नवे फॉन्ट तुम्ही जोडणार की नाही, आणि प्रश्नांना उत्तराची खात्री नाही. नवा इश्यू (तक्रारीची किंवा मागणीची नोंद) उघडताना फॉर्म भरावा लागेल असा साचा लावा: फॉन्टचं नेमकं नाव, दहा ओळींचा नमुना, अपेक्षित मजकूर. नमुना नसलेला इश्यू तयार उत्तर चिकटवून बंद करायचा. त्यात उद्धटपणा काही नाही. फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर तांत्रिक उत्तरं देणं आजच थांबवा. एकाला दिलेलं उत्तर तिथे दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून तेच पुन्हा दहा वेळा द्यावं लागतं.

पूर्ण थांबायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. शेवटचं व्हर्जन काढा, त्याच्या माहितीत स्थिती ‘इनअॅक्टिव्ह’ करा. रीडमीत ‘अमुक तारखेपासून देखभाल बंद’ अशी ओळ टाका आणि उघडे इश्यू एका ओळीचं कारण देऊन बंद करा. मगच गिटहबच्या (कोड जिथे ठेवलाय त्या संकेतस्थळाच्या) सेटिंगमध्ये सगळ्यात खाली असलेलं ‘आर्काइव्ह’ दाबा. आर्काइव्ह झाल्यावर रेपो (प्रकल्पाचा कोडसाठा) फक्त वाचता येतो, कुणाला टिप्पणीही करता येत नाही, म्हणून रीडमी आधी बदलायची. फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, मात्र करता येतो. पायपीआय या पायथन पॅकेजच्या भांडारावरही प्रकल्प आर्काइव्ह करायची सोय जानेवारी २०२५ पासून आहे.

एक गोष्ट करू नका: पॅकेज पुसून टाकू नका. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादातून ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारावरून काढलं आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प जगभर एकदम बंद पडले. नंतर एनपीएमने नियम बदलून ७२ तासांनंतर पॅकेज काढणं अवघड केलं. एखादं व्हर्जन सदोष असेल तर पायपीआयवर ते ‘यँक’ करा. नव्यांना ते मिळत नाही, पण ज्यांनी नेमका तोच क्रमांक लिहून ठेवलाय त्यांचं काम चालू राहतं.

दुसरं, थकलात म्हणून पहिल्या उत्साही माणसाच्या हाती किल्ल्या देऊ नका. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’च्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला पॅकेज सोपवलं, आणि त्यात बिटकॉइनच्या एका वॉलेटमधली माहिती चोरणारा कोड शिरला. ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण त्याहून थंड डोक्याचं. २०२२ मध्ये काही खात्यांनी लेखकाला ‘तुम्ही वेळ देत नाही, दुसऱ्याकडे द्या’ म्हणून टोचायला सुरुवात केली. हा बिनपगारी छंद आहे आणि तब्येतही साथ देत नाही, असं तो सांगत होता. ‘जिया टॅन’ या नावाच्या सहकाऱ्याला हळूहळू अधिकार मिळाले आणि २०२४च्या ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचं दार, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायची चोरवाट, बसलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते उघड झालं. फुकट सेवेचा तगादा लावणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं, कारण हल्लेखोराने हत्यार म्हणून वापरला तो हाच तगादा. तेव्हा नव्या माणसाला आधी इश्यू हाताळू द्या, मग पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) तपासू द्या. व्हर्जन प्रसिद्ध करण्याचा अधिकार सगळ्यात शेवटी, आणि ओळख पटल्याशिवाय नाहीच.

प्रश्न : आमच्या परदेशी ग्राहकाने आम्ही वापरत असलेल्या प्रत्येक ओपन सोर्स घटकाच्या लेखकाकडून ‘सुरक्षित असल्याचं पत्र’ मागितलं आहे. चाळीस जणांना मेल केले, दोघांनी उत्तर दिलं, तेही तिरकस. काय करावं?
— छोटी सॉफ्टवेअर कंपनी, नाशिक

उत्तर : मेल पाठवणं थांबवावं. जानेवारी २०२२ मध्ये, लॉगफोरजे या जावा प्रोग्राममध्ये नोंदी ठेवणाऱ्या घटकात गंभीर दोष सापडल्यानंतर, एका मोठ्या अमेरिकी कंपनीने ‘कर्ल’ या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचे लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांना असंच पत्र पाठवलं होतं, २४ तासांत उत्तर द्या म्हणून. त्यांनी कळवलं की सपोर्टचा करार केलात की आनंदाने उत्तरं देईन. कंपनीचा त्यांच्याशी कसलाही व्यवहार नव्हता. तुमचाही त्या चाळीस जणांशी नाही. ग्राहकाशी करार तुमचा आहे, पैसे तुम्ही घेताय, तेव्हा पत्र तुम्हीच द्यायचं.

ते देता यावं म्हणून कामाला लागा. लॉक फाइलमधून (घटकांचे नेमके व्हर्जन नोंदवणाऱ्या फाइलमधून) सगळ्या घटकांची यादी काढा, थेट घेतलेले आणि त्यांच्या पोटातून आलेले. डिसेंबर २०२१ मध्ये अनेक कंपन्यांचे दिवस गेले ते लॉगफोरजे आपल्याकडे कुठे कुठे आहे हे शोधण्यातच, कारण तो दुसऱ्याच कुठल्या पॅकेजमधून आत आला होता. एका महिन्यात २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत चार दुरुस्त्या आल्या, आणि त्या करणारे बहुतांशी स्वयंसेवक होते. यादीवर ‘एनपीएम ऑडिट’ किंवा ‘पिप-ऑडिट’ ही माहीत असलेले दोष शोधणारी साधनं प्रत्येक बिल्डला चालवा. प्रत्येक घटकापुढे शेवटचं व्हर्जन कधी आलं, किती जणांना ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार आहे, आणि तो उद्या बंद पडला तर आपण काय करणार, हे लिहा. शेवटच्या रकान्यात चारच उत्तरं बसतात: बदलू, फोर्क करून स्वतः सांभाळू, लेखकाला पैसे देऊ, किंवा धोका पत्करून ग्राहकाला तसं लेखी कळवू. रिकामा रकाना चालणार नाही.

ग्राहक युरोपातला असेल तर तिथला सायबर रेझिलियन्स अॅक्ट बघा. तो १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. दोष कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. त्याची रचना आम्हाला पटते: फावल्या वेळात, व्यापाराशिवाय कोड देणाऱ्याला तो बंधनात घेत नाही. उत्पादन बाजारात आणणाऱ्याने मात्र आतले घटक तपासायचे, त्यात दोष सापडला तर लेखकाला कळवायचं, आणि दुरुस्ती केली असेल तर तीही त्याला द्यायची. आपल्याकडेही सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते, आणि ती कळवायची तुम्ही.

प्रश्न : लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर अचानक मराठी शब्दांखाली लाल रेघा मारू लागलं. तक्रार कुणाकडे?
— निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : आधी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे मराठी आहे ना ते बघा. तिथे हिंदी बसलेली असली तर मराठीला लाल रेघा येणारच. नसेल तर हेल्प मेनूतून ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या सेटिंगचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. तरीही राहिला तर लिब्रेऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलात (दोषांच्या नोंदवहीत) नमुना फाइलसह नोंद करा. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिसचे मराठी धडे आहेत, तेही मोफत.

प्रश्न : कायदा आणि परवाना समजला. पण नैतिक काहीच नाही? हजारो लोक विसंबून आहेत हे माहीत असताना सुरक्षेतला दोषही दुरुस्त करायचा नाही?
— वाचक, पणजी

उत्तर : इथे हे सदर लिहिणाऱ्या आम्हा दोघांचं एकमत नाही.

एवढ्यावर दोघंही ठाम आहोत की लेखकाने खोटं बोलू नये. देखभाल होत नसताना ‘सक्रिय’ अशी पाटी ठेवू नये, आणि दिलेला शब्द मोडू नये. सेंटओएस ८ या सर्व्हरसाठीच्या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं गृहीत धरून लोकांनी सर्व्हर हलवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. तिथला राग रास्त होता, कारण मुदत छापलेली होती आणि मागे रेड हॅटसारखी कंपनी होती. तसंच, जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ आणि ‘फेकर’ या एनपीएमवरच्या पॅकेजेसच्या लेखकाने चिडून स्वतःचीच पॅकेजेस मुद्दाम बिघडवली, तेही समर्थनीय नाही. काम सोडणं वेगळं, सुरुंग पेरणं वेगळं.

मतभेद आहे तो कळलेल्या सुरक्षा दोषाबद्दल. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, दुरुस्ती नाही तरी ‘या व्हर्जनमध्ये हा धोका आहे, वापरू नका’ एवढी एक ओळ लिहिणं प्रत्येक लेखकाचं कर्तव्य आहे. त्याला पाच मिनिटं लागतात. दुसऱ्याचं म्हणणं, पाच मिनिटांचा हिशेब फसवा आहे. अहवाल खरा की यंत्राने लिहिलेला फापटपसारा, हे ठरवायलाच दिवस जातो. जून २०२५ मध्ये ‘लिबएक्सएमएल२’ या एक्सएमएल फाइली वाचणाऱ्या लायब्ररीच्या मेंटेनरने (देखभाल करणाऱ्याने) जाहीर केलं की सुरक्षेचे दोष यापुढे इतर दोषांसारखेच उघडपणे आणि सवडीने हाताळले जातील, दुरुस्ती होईपर्यंत दोष लपवून ठेवायच्या मुदती पाळल्या जाणार नाहीत. त्या लायब्ररीवर उत्पादनं उभी करणाऱ्या कंपन्या श्रीमंत, आणि त्यांच्या वेळापत्रकाने राबणारा एकटा स्वयंसेवक. इंटरनेटवरचा मजकूर कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलचंही तसंच होतं. एप्रिल २०१४ मध्ये त्यातला हार्टब्लीड हा दोष उघडकीला आला तेव्हा अर्ध्या इंटरनेटची कुलपं त्यावर होती आणि वर्षाच्या देणग्या जेमतेम २००० डॉलर. कर्तव्याची चर्चा तिथून सुरू करावी, असं या दुसऱ्याला वाटतं. पहिल्याला हे मान्य आहे, तरी ती एक ओळ हवीच असं तो म्हणतो.

प्रश्न : आम्ही दरमहा एका प्रकल्पाला स्पॉन्सर म्हणून थोडे पैसे देतो. आता तरी आमच्या बगला प्राधान्य मिळायला हवं ना?
— स्टार्टअप, पिंपरी

उत्तर : स्पॉन्सरशिपच्या पानावर तसं लिहिलं असेल तरच. नाहीतर ती देणगी आहे. प्राधान्य हवं असेल तर लेखकाला कामाचा दर विचारा आणि नेमकं काम ठरवून करार करा: कोणता बग, कोणत्या व्हर्जनमध्ये दुरुस्ती, जुन्या व्हर्जनवरही लागणार का, चाचणी कोण लिहिणार, दुरुस्ती मूळ प्रकल्पात जाणार ना. हे शेवटचं विसरलात तर पुढच्या प्रत्येक व्हर्जनला तोच पॅच स्वतः लावत बसावं लागतं.

आणि प्रकल्प मोठ्या वापराचा असेल तर लेखकाला झिरोधाच्या फ्लॉस फंडाबद्दल कळवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला हा निधी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत आहे आणि एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर देतो. अर्जासाठी प्रकल्पाने ‘फंडिंग डॉट जेसन’ ही फाइल प्रसिद्ध करावी लागते. ती तयार करून पाठवलीत, तरी त्या मेंटेनरची एक संध्याकाळ वाचेल.